दोन घरच्या पाहुण्या: एकोणिसाव्या शतकातल्या कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका

एका वाचकाकडून आलेला प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायिकांवर सादरीकरण करायचं आहे. सुरुवात विसाव्या शतकातल्या प्रसिद्ध गायिका मेरियन अँडरसनपासून केली, तर मार्गदर्शकांनी विचारलं, "तिच्याआधी कोणीच नव्हतं का?" शोधल्यावर स्पिरिच्युअल्स, म्हणजे गुलामांची भक्तिगीतं, सापडली, पण गाणारीचं नाव कुठेच नाही. मग कोणी नव्हतंच का? असल्या तर आपल्याला माहीत का नाहीत? आणि ज्या आवाजाचं ध्वनिमुद्रणच नाही, त्याबद्दल बोलायचं तरी कसं?

गेली सव्वीस वर्षं मी पाश्चात्त्य कंठसंगीत शिकवते आहे. त्यातली निम्मी वर्षं जुनी वर्तमानपत्रं आणि मैफलींचे छापील कार्यक्रम चाळण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

होत्या. भरपूर होत्या, नामांकित होत्या. त्यांच्यासाठी सभागृहं भरत, तिकिटं संपत, वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने छापून येत. म्हणजे त्या काळात त्यांची दखल घेतली गेली नाही, असं मुळीच नाही. विसर नंतर पडला आणि तो दोन बाजूंनी पडला. पाश्चात्त्य संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी संगीतकार आणि त्यांच्या रचना यांचीच वंशावळ मांडली. त्यात या बायका 'नवलाची गोष्ट' म्हणून तळटीपेत राहिल्या. पुढे विसाव्या शतकात कृष्णवर्णीय संगीताचा इतिहास लिहिला जाऊ लागला, तेव्हा शोध होता मुळांचा. स्पिरिच्युअल्स, ब्लूज, जॅझ. बेलिनी आणि रोसिनी या इटालियन ऑपेराकारांची गाणी गाणाऱ्या बायका तिथेही परक्याच वाटल्या, कोणाची तरी नक्कल करणाऱ्या. आपल्याकडे म्हणतात ना, दोन घरचा पाहुणा उपाशी, तसंच झालं. मी ज्या संस्थेत शिकले तिथे संगीताच्या इतिहासाचे चार वर्षं तास झाले. त्यात यांपैकी एकीचंही नाव आलं नाही. ते आठवलं की मला आजही वाईट वाटतं.

सुरुवात एलिझाबेथ टेलर ग्रीनफिल्डपासून करा. मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझ गावी गुलामगिरीत तिचा जन्म झाला. जन्मवर्षाच्या नोंदी एकमेकींशी जुळत नाहीत. गुलामांची जन्मनोंद मालमत्तेच्या हिशेबात होई, त्यामुळे हा घोळ तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल. तिच्या मालकीणबाई, त्यांचंही आडनाव ग्रीनफिल्ड, क्वेकर पंथाच्या झाल्या, गुलाम मुक्त करून फिलाडेल्फियात राहायला आल्या आणि या मुलीला त्यांनी जवळ ठेवून वाढवलं. क्वेकरांना गाणंबजावणं वर्ज्य. शेजारच्या डॉक्टरांच्या मुलीने तिला चोरून थोडंफार शिकवलं, बाकी सगळं तिने स्वतःच कमावलं. मालकीणबाई गेल्या तेव्हा मृत्युपत्रात तिच्यासाठी तरतूद होती, पण वारसांनी ती कोर्टात अडकवली. हाती काही नसताना १८५१ च्या ऑक्टोबरात ही बाई बफेलोमध्ये गायली आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी तिला 'ब्लॅक स्वान', म्हणजे काळा हंस, हे नाव दिलं.

तिचा आवाज सव्वातीन सप्तकांचा होता, असं त्या काळचे समीक्षक लिहितात. आपल्याकडच्या वाचकांनी हा आकडा नीट समजून घ्यावा. खर्जात पुरुषाइतकं खाली जाऊन तोच गळा तारसप्तकाच्या वरपर्यंत पोचवायचा, हे निसर्गाचं देणं खरंच. पण मधला सांधा कानाला खटकू न देणं हे कष्टाचं काम आहे. लंडनमध्ये 'अंकल टॉम्स केबिन'ची लेखिका हॅरिएट बीचर स्टोने तिला ऐकलं आणि लिहून ठेवलं की एकाच गाण्याचं एक कडवं ती सोप्रानो, म्हणजे बायकांच्या सर्वांत उंच आवाजात गायली आणि दुसरं टेनरच्या, म्हणजे पुरुषांच्या उंच आवाजात. समीक्षक तिच्याकडे प्रशिक्षण नाही याकडेही बोट दाखवत, आणि ते खरंच होतं. ज्या गुरूंकडे गोऱ्या मुली जात, त्यांची दारं तिला बंद होती. आवाजाचं कौतुक करायचं आणि ज्या शिक्षणापासून तिला लांब ठेवलं त्याच्या अभावाबद्दल गुण कापायचे, हा अन्याय त्या परीक्षणांत ओळीओळीला दिसतो.

३१ मार्च १८५३ ची न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन हॉलमधली मैफल तुमच्या सादरीकरणात आलीच पाहिजे. सुमारे चार हजारांचा श्रोतृवर्ग, मंचावर कृष्णवर्णीय गायिका, आणि जाहिरातीतच छापलेलं की कृष्णवर्णीयांना प्रवेश नाही. सभागृह जाळण्याच्या धमक्या आल्या होत्या, पोलीस बंदोबस्त लावावा लागला होता. गुलामगिरीतून निसटून गुलाममुक्तीचा पुढारी झालेल्या फ्रेडरिक डग्लसने तिच्यावर कडक टीका केली. आपल्याच माणसांना दाराबाहेर ठेवणाऱ्या सभागृहात ती गायलीच कशी, हा त्याचा सवाल. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय समाजातल्या मान्यवरांनी पत्र लिहून आपल्यासाठीही गाण्याची विनंती केली. तिने झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि कृष्णवर्णीय वृद्धांच्या आश्रमासाठी व अनाथालयासाठी वेगळी मैफल केली. मला डग्लसचा राग कळतो. पण करारावर सही मॅनेजरशी झालेली होती. हा मॅनेजर कर्नल जे. एच. वूड, आणि नियम ठरवायचा तोच. हातात पैसा नसलेल्या, गुलामगिरीत जन्मलेल्या स्त्रीला नाही म्हणायची किती मोकळीक होती, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना दर वर्षी विचारते आणि उत्तर त्यांच्यावर सोडते.

ग्रीनफिल्ड इंग्लंडला गेली तर तिथल्या व्यवस्थापकाने हात वर केले आणि परक्या देशात ती पैशांशिवाय अडकली. तिला सावरलं स्टोने आणि डचेस ऑफ सदरलँडने. राणीच्या चॅपेल रॉयलचे, म्हणजे दरबारी प्रार्थनामंदिराचे, सर जॉर्ज स्मार्ट यांनी तिला शिकवलं, साथही केली. १० मे १८५४ रोजी बकिंगहॅम राजवाड्यात ती व्हिक्टोरिया राणीपुढे गायली. बिदागी वीस पौंड. त्याच वर्षी ती अमेरिकेत परतली, फिलाडेल्फियात शिकवू लागली, पुढे तिथे तिने स्वतःची ऑपेरा मंडळीही उभी केली. तिचा शिष्य टेनर टॉमस बावर्स याला वर्तमानपत्रांनी, मारिओ या गाजलेल्या इटालियन टेनरवरून, 'कलर्ड मारिओ' म्हटलं. ३१ मार्च १८७६ ला ती वारली. मेट्रोपॉलिटन हॉलच्या मैफलीला त्या दिवशी बरोबर तेवीस वर्षं झाली होती.

आता या टोपणनावांकडे बघा. स्वीडनची गाजलेली सोप्रानो जेनी लिंड 'स्वीडिश नाइटिंगेल', म्हणून ग्रीनफिल्ड 'ब्लॅक स्वान'. ऑपेरा-गायिका अडेलिना पॅटी जगभर गाजत होती, म्हणून सिसिएरेटा जोन्स 'ब्लॅक पॅटी'. टोपणनावाने तिकिटं खपत, पण गाणारीचं स्वतःचं नाव मागे पडे. हिला ऐकायचं ते दुसऱ्या कोणाची तरी काळी आवृत्ती म्हणून, असं श्रोत्याला आधीच सांगून ठेवलेलं असे. जोन्सला हे नाव आवडत नसे. तरी पुढे तिच्या मंडळीचं नावही तेच राहिलं, कारण पाटीवर तेच चालत होतं. संशोधनाच्या दृष्टीने याचा थेट परिणाम होतो. जुन्या वर्तमानपत्रांत खऱ्या नावाने शोधलंत तर फारच थोडं हाती लागेल. टोपणनावाने शोधा, मॅनेजरच्या नावाने शोधा, नवऱ्याच्या आडनावाने शोधा. मेरी सेलिका तर रंगमंचावरचं नावच वेगळं घेऊन वावरली. मायरबेअरच्या एका ऑपेरातल्या आफ्रिकन नायिकेचं नाव सेलिका, ते तिने घेतलं. तिचं लग्नानंतरचं आडनाव विल्यम्स.

ही सेलिकाही नॅचेझचीच. १३ नोव्हेंबर १८७८ ला ती व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांच्यापुढे गायली. तिथे गाणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कृष्णवर्णीय कलाकारांपैकी ती एक. तिची ओळख करून दिली फ्रेडरिक डग्लसने, ग्रीनफिल्डवर टीका करणाऱ्या त्याच डग्लसने. पंचवीस वर्षांत काळ तेवढा पुढे सरकला होता. तिला 'क्वीन ऑफ स्टॅकाटो' म्हणत, कारण तुटक, टोचल्यासारखे वरचे स्वर एकामागोमाग अचूक लावण्यात तिचा हातखंडा होता. नवरा सॅम्पसन विल्यम्स बॅरिटोन, म्हणजे पुरुषांच्या मधल्या पट्टीत गाणारा, तो 'सिन्योर वेलोस्को' या इटालियन वाटणाऱ्या नावाने गाई. १८८३ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स हॉलमध्ये ती व्हिक्टोरिया राणीपुढे गायली. नवरा गेल्यावर न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या एका संगीतशाळेत शिकवत राहिली आणि १९३७ मध्ये वारली. म्हणजे रेडिओ आणि बोलपट येऊन स्थिरावल्यावरही ती हयात होती, आणि तरीही तिचा आवाज कोणी जपून ठेवला नाही.

माझ्या मनात सर्वांत जवळची जागा हायर्स भगिनींना आहे. अ‍ॅना मादा आणि एमा लुईझ, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोच्या. पहिला जाहीर कार्यक्रम २२ एप्रिल १८६७ ला, सॅक्रामेंटोच्या मेट्रोपॉलिटन थिएटरात, दोघी अजून शाळकरी वयाच्या असताना. अ‍ॅना सोप्रानो, एमा काँट्राल्टो, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीतली. ग्रीनफिल्डला जे मिळालं नाही ते यांना मिळालं, म्हणजे लहानपणापासूनची पद्धतशीर तालीम, आधी एका जर्मन शिक्षकाकडे आणि मग जोसेफीन डॉर्मी या ऑपेरा-गायिकेकडे. १८६९ मध्ये देशाच्या दोन टोकांना जोडणारा लोहमार्ग पूर्ण झाला आणि दोनच वर्षांनी बाप मुलींना घेऊन गावोगाव गात पूर्वेकडे निघाला. १८७२ मध्ये बोस्टनला बँडमास्टर पॅट्रिक गिलमोरने भरवलेल्या अवाढव्य शांतता महोत्सवात त्या गायल्या.

पण त्यांचं खरं मोठेपण त्यानंतरचं आहे. कृष्णवर्णीय कलाकाराला रंगभूमीवर तेव्हा एकच जागा होती, मिन्स्ट्रेल शो. गोरे नट तोंडाला काळं फासून गुलामांची टिंगल करत, आणि पुढे पोटासाठी कृष्णवर्णीय नटांनाही तेच करावं लागे. हायर्स भगिनींनी १८७६ मध्ये 'आउट ऑफ बाँडेज' हे संगीत नाटक रंगमंचावर आणलं. गुलामगिरीतून सुटून नव्या आयुष्यात पाऊल टाकणाऱ्या माणसांची ती गोष्ट, त्यात स्पिरिच्युअल्स आणि ऑपेराची गाणी शेजारी शेजारी. नंतर 'उर्लिना' हे आफ्रिकन राजकन्येचं नाटक. वीस-एकवीस वर्षांच्या पॉलीन हॉपकिन्सने लिहिलेलं, गुलामांच्या पलायनावरचं संगीत नाटक १८८० मध्ये बोस्टनला झालं, त्यातही या दोघी होत्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संगीत रंगभूमीची सुरुवात म्हणून पुस्तकं सरसकट १८९८ चं न्यूयॉर्क दाखवतात. या दोघींचं काम त्याच्या बावीस वर्षं आधीचं आहे आणि ते छोट्या गावांतून, आगगाडीच्या वेळापत्रकाला बांधून घेऊन, वर्षानुवर्षं चाललेलं आहे. न्यूयॉर्कमध्ये घडलं तेवढंच घडलं असं मानायची सवय इतिहासकारांना लागली, ती या बहिणींना फार महागात पडली. अ‍ॅना मादा १८९९ मध्ये एका मंडळीबरोबर ऑस्ट्रेलियालाही गेली आणि अखेर सॅक्रामेंटोत एका डॉक्टरशी लग्न करून स्थिरावली.

तुम्हाला नाव नसलेली स्पिरिच्युअल्स सापडली, असं तुम्ही म्हणता. त्यामागेही नावं आहेत. मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी काढलेल्या नॅशव्हिलच्या फिस्क विद्यालयाची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा ६ ऑक्टोबर १८७१ ला नऊ विद्यार्थी निधी गोळा करायला गात निघाले. हेच ते 'ज्युबिली सिंगर्स'. त्यांत पाच मुली होत्या. एला शेपर्ड, मॅगी पोर्टर, जेनी जॅक्सन, मिनी टेट आणि एलायझा वॉकर. निघाल्यानंतर दोन दिवसांतच शिकागोला भयंकर आग लागली, आणि सिनसिनाटीत मिळालेली पन्नास डॉलरांच्या आतली कमाई या मुलांनी आगग्रस्तांना देऊन टाकली, जवळ स्वतःच्या खर्चापुरतेही पैसे नसताना.

एला शेपर्डचा जन्म १८५१ चा, गुलामगिरीतला. बापाने स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं होतं. त्याने पोटच्या लेकीला ३५० डॉलर मोजून सोडवलं. आईला सोडायला मालकीण तयार झाली नाही. मायलेकींची ताटातूट झाली ती गुलामगिरी संपवणारं अमेरिकेतलं यादवी युद्ध संपेपर्यंत. पुढे एलाने आईला शोधून काढून आपल्याजवळ आणलं. सिनसिनाटीत पियानो शिकवायला एक शिक्षक तयार झाला, पण अट अशी की रात्री यायचं, मागच्या दाराने यायचं आणि कोणाला सांगायचं नाही. असे तिला जेमतेम बारा धडे मिळाले. तेवढ्या शिदोरीवर ती फिस्कच्या गायकवृंदाची पियानोवादक, सोप्रानो आणि सहायक संचालक झाली. रोजची तालीम तिच्याकडे असे. पण छापील पुस्तकांवर नावं आली ती वृंदाचे प्रमुख जॉर्ज व्हाइट यांची आणि गाण्यांचं नोटेशन करणारे थिओडोर सुअर्ड यांची. ही गाणी मुलं सुरुवातीला लोकांपुढे गायलाच तयार नव्हती. ती आईवडिलांची प्रार्थनेची गाणी होती, गुलामगिरीच्या आठवणींत भिजलेली, चारचौघांत काढायची नव्हेत. त्यांनी ती एकांतात एलाला आणि व्हाइटना ऐकवली, त्यातून बांधणी झाली, तालीम झाली आणि मग ती मंचावर आली. म्हणून 'निनावी लोकगीतं' हा शब्द वापरताना जपा. रचना लोकांची होती. ती मैफलीत उभी करणारे हात आणि कान कोणाचे, ते मात्र ठाऊक आहे. ही मंडळी १८७३ मध्ये इंग्लंडला गेली, व्हिक्टोरिया राणीपुढे गायली आणि त्यांच्या कमाईतून १८७६ मध्ये फिस्कमधली ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली.

१८७३ हे साल मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने माहीत आहे. त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली आणि अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या सज्जनांना ती अर्पण केली. नुकत्याच मुक्त झालेल्या मुली युरोपात गाऊ लागल्या, ते हेच वर्ष. एकमेकांची खबर असायचं काही कारण नव्हतं, पण मला ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघायला आवडतं. प्रत्यक्ष गाणंही आपल्या देशात आलं. अमांडा स्मिथ ही गुलामगिरीत जन्मलेली धर्मप्रचारक बाई, जिच्या प्रवचनांत गाणं आणि बोलणं वेगळं करता येत नसे, १८७९ नंतर सुमारे दीड वर्ष भारतात फिरली. फिस्कच्याच वृंदात गायलेल्या फ्रेडरिक लाउडिनने ज्युबिली सिंगर्सची स्वतंत्र मंडळी काढून १८८४ ते १८९० असा जगाचा दौरा केला, त्यात भारत होता. पॅटी मलोन, बेल गिबन्स अशा गायिका त्या मंडळीत होत्या. ताजमहालाच्या घुमटाखाली त्यांनी स्पिरिच्युअल्स गायली. तो घुमट एक स्वर किती वेळ धरून ठेवतो हे ज्यांनी तिथे ऐकलंय, त्यांना त्या गाण्याची कल्पना करणं जड जाणार नाही.

शतकाच्या अखेरीस येते सिसिएरेटा जोन्स. जन्म व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथचा, १८६८-६९ चा, वाढली प्रॉव्हिडन्सला. फेब्रुवारी १८९२ मध्ये व्हाइट हाउस, एप्रिलमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डन, जूनमध्ये ज्याला आज आपण कार्नेगी हॉल म्हणतो ते सभागृह. तिथे गाणारी ती पहिली कृष्णवर्णीय गायिका. पुढे एकूण चार राष्ट्राध्यक्षांपुढे ती गायली.

माझं सगळं म्हणणं एका मैफलीत सामावतं, म्हणून तिच्यापाशी जरा थांबते. २३ जानेवारी १८९४, मॅडिसन स्क्वेअर गार्डनचं कॉन्सर्ट हॉल, गरजूंच्या कपड्यांसाठी निधी गोळा करायचा कार्यक्रम. दिग्दर्शन चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाकचं. अमेरिकेचं भावी संगीत कृष्णवर्णीयांच्या सुरावटींवर उभं राहील, असं त्याने आदल्याच वर्षी जाहीर केलेलं, आणि ते वाक्य संगीताच्या प्रत्येक इतिहासात सापडतं. त्या रात्री सिसिएरेटा रोसिनीच्या 'स्ताबात मातेर'मधला 'इनफ्लामातुस' गायली. द्वोर्झाकने त्या प्रसंगासाठी बांधलेल्या 'ओल्ड फोक्स अ‍ॅट होम'मध्येही ती आणि कृष्णवर्णीय बॅरिटोन हॅरी बर्ली एकल गायक होते. द्वोर्झाकचं वाक्य सगळ्यांना पाठ आहे. त्याच्यासमोर उभी राहून गायलेली बाई कोण, हे विचारा, उत्तर येत नाही.

आणि 'इनफ्लामातुस' म्हणजे काय चीज आहे ते गाणाऱ्याला विचारा. मागे पूर्ण गायकवृंद आणि वाद्यवृंद जोरात गर्जत असतो, त्यावरून एकट्या सोप्रानोला तार षड्जापर्यंत जायचं असतं, तेही किंचाळल्यासारखं न वाटता. मी माझ्या विद्यार्थिनींना हे पाच-सहा वर्षांच्या तयारीनंतरच देते. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ध्वनिमुद्रण नसलं तरी गाणं आहे, स्वरलिपी आहे. कोणती बाई कोणत्या सभागृहात, किती मोठ्या साथीबरोबर, कार्यक्रमात कितव्या क्रमांकावर काय गायली, हे लिहून काढा. ती रचना गळ्याकडून काय मागते, ते एखाद्या गायिकेकडून समजून घ्या. ही रचना पुन्हा पुन्हा, शहरामागून शहरात तिच्या कार्यक्रमात दिसत असेल तर ती तिला पेलत होती. न पेलणारी गोष्ट कोणी दौऱ्यावर वर्षभर गात नाही. सेलिकासाठी फ्रेडरिक कार्न्सने १८७७ मध्ये मुद्दाम एक वॉल्ट्झ रचला, त्याची छापील प्रत आहे. एखाद्या गळ्यासाठी शिवलेलं गाणं म्हणजे त्या गळ्याचं माप असतं.

परीक्षणं वाचायची तर दोन चाळण्या लावून वाचा. पहिल्या चाळणीत अंगकांती, कपडे, 'आश्चर्य' याबद्दलचं सगळं बाजूला काढा. बहुतेक परीक्षणांचा निम्मा मजकूर त्यातच जातो. उरलेल्यातून फक्त तांत्रिक निरीक्षणं वेचा. श्वास, खालचा पल्ला, ताना, उच्चार, वरचा स्वर किती वेळ टिकला, पुन्हा गायची मागणी कशाला झाली. मग त्याच मैफलीबद्दल कृष्णवर्णीयांनी चालवलेलं वर्तमानपत्र काय म्हणतं ते शेजारी ठेवा. इंडियानापोलिसचं 'फ्रीमन', 'न्यूयॉर्क एज', 'क्लीव्हलँड गॅझेट' ही पत्रं त्यासाठी अमूल्य आहेत. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुन्या वर्तमानपत्रांचा मोठा संग्रह फुकट चाळता येतो.

सिसिएरेटाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं, कारण हा धागा तिथेच तुटतो. मेजर पाँड या बड्या मॅनेजरशी तिचं बिनसलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि १८९३ मध्ये निकाल तिच्याविरुद्ध लागला. न्यूयॉर्कची मेट्रोपॉलिटन ऑपेरा १८८३ मध्ये सुरू झाली. तिथे कृष्णवर्णीय गायिकेला पहिली भूमिका मिळायला १९५५ साल उजाडलं, ती तुमची मेरियन अँडरसन. मधली बहात्तर वर्षं ते दार बंद होतं. म्हणून १८९६ पासून जवळपास वीस वर्षं सिसिएरेटा 'ब्लॅक पॅटी ट्रूबडूर्स' या मंडळीबरोबर फिरली. आधी विनोद, नाच, कसरती. शेवटच्या भागात ती येई आणि ऑपेरातले प्रवेश गाई. काही अभ्यासक याला तिची घसरण म्हणतात. मला ते पटत नाही. ज्या गावांत ऑपेरा कधी पोचला नसता, तिथे तिने तो पोचवला आणि डझनावारी कृष्णवर्णीय कलाकारांना वर्षानुवर्षं पगार मिळाला. १९१५ मध्ये आजारी आईसाठी ती घरी परतली. हळूहळू घरं, दागिने, पदकं विकावी लागली. २४ जून १९३३ ला ती गरिबीत वारली. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसला २०१८ मध्ये.

ध्वनिमुद्रण का नाही, यालाही कारण आहे. रेकॉर्ड कंपन्यांनी सुरुवातीच्या तीस वर्षांत जे थोडे कृष्णवर्णीय आवाज घेतले ते जवळजवळ सगळे पुरुषांचे. फिस्कचं गाणं १९०९ मध्ये पहिल्यांदा रेकॉर्डवर आलं, तेही चार पुरुषांचं. ज्या वृंदाच्या नऊ मूळ गायकांत पाच मुली होत्या, त्याचा आवाज जगाने पुरुषांचा म्हणून ऐकला. डेझी टॅपली या काँट्राल्टोचं १९१० च्या सुमाराचं एक द्वंद्वगीत असा अपवाद आहे. १९२० मध्ये मेमी स्मिथची रेकॉर्ड तुफान खपली, तेव्हा कुठे कंपन्यांना कृष्णवर्णीय गायिकेची किंमत कळली. पण त्यांना हवे होते ब्लूज. कृष्णवर्णीय स्त्रीचा आवाज म्हणजे ब्लूज, हे समीकरण तिथे पक्कं झालं आणि आधीच्या साऱ्या सोप्रानो त्या समीकरणाबाहेर पडल्या. १९२१ मध्ये हॅरी पेसने कृष्णवर्णीयांच्या मालकीची रेकॉर्ड कंपनी काढली आणि ग्रीनफिल्डची आठवण म्हणून तिचं नाव ठेवलं 'ब्लॅक स्वान'. फ्लॉरेन्स कोल-टॅलबर्टसारख्या सोप्रानोच्या रेकॉर्ड त्यांनी काढल्या. कंपनी तरली ती मात्र एथेल वॉटर्सच्या ब्लूजवर, आणि दोन-तीन वर्षांत तीही बुडाली.

सादरीकरणासाठी पाच-सहा जणींची यादी करू नका. एकच निवडा. वेळ कमी असेल तर सिसिएरेटा घ्या, कारण तिने स्वतः जपलेली कात्रणांची वही हॉवर्ड विद्यापीठाच्या मूरलँड-स्पिंगार्न संग्रहात आहे आणि तिच्यावर झालेलं बरंचसं काम त्या वहीवर उभं आहे. वेळ असेल तर हायर्स भगिनी घ्या. त्यांच्यासाठी जेम्स मनरो ट्रॉटरचं १८७८ चं पुस्तक उघडा, ते मोफत वाचायला मिळतं. ट्रॉटर गुलामगिरीत जन्मलेला, यादवी युद्धात सैनिक म्हणून लढलेला. कृष्णवर्णीय संगीतकारांवरचं पहिलं पुस्तक त्याने लिहिलं आणि त्यात ग्रीनफिल्ड आहे, हायर्स भगिनी आहेत, त्यांच्यावर आलेली परीक्षणं त्याने जशीच्या तशी उतरवून ठेवली आहेत. हायर्स भगिनींचं प्रकरण काढा, त्यातल्या गावांची नावं नकाशावर एकेक करून मांडा आणि प्रत्येक गावासमोर त्या रात्रीचा कार्यक्रम लिहा. मी तेरा वर्षांपूर्वी तेच केलं होतं. तो नकाशा अजून माझ्या शिकवणीच्या खोलीत लावलेला आहे आणि नवीन मुलगी पहिल्या दिवशी आली की आधी त्याच्यापुढेच उभी राहते.